नाकावरचं फडकं

तेलाच्या विहिरीचा राखणदार तिरिदात याच्या पत्राला मित्रपातने तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. सूसाच्या दरबारात राजाची सगळी पत्रं त्याच्याच हातून जात. पण स्वतःचा निर्णय लिहायचा म्हटलं, की म्हातारा कचरे. पत्र साधं होतं : 'वहौकाबाबा आमच्या विहिरीवरून दर महिन्याला घागरभर पांढरं तेल नेतात. द्यावं का?'

आज दरबारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधल्या कुंडातल्या पवित्र अग्नीला श्वास लागू नये म्हणून सगळ्यांनी नाकातोंडावर फडकी बांधली होती. अग्नीचे पुजारी वहौकाबाबा कुंडावर काड्यांची जुडी हलवत गरजत होते, "मी कोण? अग्नीची नुसती जीभ! खऱ्यापुढे तो शांत, खोट्यापुढे फणा काढतो!"

चार संशयित सरदारांपुढे बाबांनी जुडी झटकली, अग्नी शांत राहिला. पाचवा उभा होता राजाला पाणी देणारा बगदात, मित्रपातचा पुतण्या. संशय होता राजाच्या पाण्यात विष कालवल्याचा. बाबांनी बाहीतून दुसरी जुडी काढून झटकली. भडका छताकडे झेपावला.

"काका, मी पाणी नुसतं उकळलं हो!" बगदात रडू लागला.

"मान उडवा!" गर्दी ओरडली.

मित्रपातला ठसका लागला नि फडकं घसरलं.

"अहो, फडकं वर घ्या! अग्नी बाटेल!" शेजारचा सरदार खेकसला.

पण म्हाताऱ्याच्या नाकात एक ओळखीचा वास शिरला होता. तिरिदातच्या पत्रालाही तोच येत होता.

तो कचरत पुढे गेला. "हुजूर, माझं चुकतही असेल... पण ती जुडी जरा मला द्याल?"

"पापी हात!" बाबा मागे सरकले. राजाने भुवई उचलली, तशी जुडी मुकाट्याने पुढे आली.

"बाबा, आपण खरे सत्पुरुष ना?"

"अर्थात!"

मित्रपातने जुडी अग्नीवर झटकली. भडका उडाला.

"अगंबाई, बाबाच खोटे!" पडद्यामागून कुणी दासी म्हणाली.

"खोटे आहेतच, बाई. पण अग्नीला त्यातलं काही कळत नाही. काड्या विहिरीच्या पांढऱ्या तेलात भिजवल्यात. सरदारांपुढची जुडी कोरडी होती. हुजूर, फडकं काढून वास घ्या."

राजाने वास घेतला आणि नाक मुरडलं. बगदातच्या बेड्या बाबांच्या हातात पडल्या.

मित्रपात तडक लेखनशाळेत गेला. 'तेल देऊ नये,' त्याने लिहिलं. 'तू वेळेवर विचारलंस. मी उत्तर न दिल्याने पुतण्याची मान जाणार होती. यापुढे कुणी अग्नीला बोलतं करू लागला, तर आधी नाकावरचं फडकं काढ. आपल्या नाकाने अग्नी बाटत नाही.'

त्याने मोहोर उठवली आणि पत्र स्वतःच्या हाताने घोडेस्वाराच्या थैलीत टाकलं.