मधली पायरी

सादिकचं विमान चाळीस टन वजन उचलायचं, पण आईचा शब्द काही त्याला खाली टाकता यायचा नाही. आणि त्या वर्षी, अठ्ठ्याण्णव साली, नेमकी तीच गोष्ट त्याच्या गळ्याशी आली.

कॉकपिटमध्ये नवं यंत्र बसलं होतं. समोरून दुसरं विमान फार जवळ आलं की ते बोलायचं, ‘चढ’ किंवा ‘उतर’. समोरच्या विमानातलं यंत्र त्याच वेळी उलटं सांगायचं. म्हणून नियम एकच होता: यंत्र म्हणेल तसंच करायचं, जमिनीवरचा कंट्रोलर काहीही म्हणो. सरावाच्या खोट्या विमानात यंत्र ‘चढ’ म्हणालं, कंट्रोलर ‘उतर’ म्हणाला, आणि सादिक मुकाट उतरला. परीक्षकानं नापास केलं. गुरुवारी पुन्हा परीक्षा होती, आणि तीही हुकली तर कॅप्टनची डावी खुर्ची जाणार होती.

बायको शायमानं बेलापूरच्या त्यांच्या घरात जिन्याची शाळा मांडली. सादिक मधल्या पायरीवर. वरच्या पायरीवर हातात लाटणं घेऊन शायमा, म्हणजे यंत्र. खाली पाटावर त्याची आई फातिमाबी, म्हणजे कंट्रोलर. गुडघ्यांमुळे तीन वर्षांत त्या जिना चढल्या नव्हत्या, पण हुकूम सोडायला गुडघे लागत नाहीत.

शायमा म्हणायची, “चढ.” फातिमाबी म्हणायच्या, “सादिक, उतर.” आणि पाच आकडे मोजायच्या आत सादिक खाली उभा. कधी चहा गार होतोय म्हणून, कधी वाफवलेलं सांदण निवतंय म्हणून, कधी नुसत्या ‘बाला’ या हाकेनं. शायमानं लाटणं आपटून पाहिलं, अबोला धरून पाहिला. त्यानं वर बघून शरमेनं हसावं, नि खाली बघून उतरावं. फातिमाबी मजेत लग्नातलं गाणं गुणगुणायच्या:

*वर गेली घार, खाली उतरली साळू,*
*मधल्या वाऱ्याला म्हनं कुनाकडं वळू?*

बुधवारी संध्याकाळी शेवटचा सराव होता. शायमा “चढ” म्हणाली. खालून आवाज आला, अगदी बारीक.

“सादिक, खाली ये रं. छातीत कसंतरीच होतंय.”

शायमाच्या हातातलं लाटणं सुटलं, पायऱ्यांवरून खडखडत खाली गेलं. ती पुढचं ‘चढ’ विसरलीच. सादिकचा एक पाय हवेत राहिला. मग त्यानं कठडा घट्ट धरला, आणि म्हणाला, “अम्मी, जमनार नाही. यंत्र चढ म्हणालंय.” धडधड तीन पायऱ्या चढून शायमाशेजारी पोचला, तिथून वळला आणि चार-चार पायऱ्या टाकत खाली धावला.

फातिमाबी पाटावर बसून वाटाणे सोलत होत्या.

“मना काय धाड भरलीय?” त्या म्हणाल्या. “तुझ्यापरीस यंत्रच घाबरलं. उद्या पास होशील. खालनं हाक मारनाऱ्याकडं माया आसते, पन तिला वरचं दिसत नाय.”

तो तिथंच फरशीवर बसला आणि त्यांच्यासोबत वाटाणे सोलू लागला. शायमा मात्र सासूशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलली नाही.

गुरुवारी परीक्षकानं कंट्रोलर होऊन तीनदा यंत्राच्या उलट हुकूम सोडला. सादिकनं तिन्ही वेळा यंत्राचं ऐकलं, आणि तिन्ही वेळा नम्रपणे ‘जमणार नाही’ असं कळवलं. डावी खुर्ची राहिली.

घरी आल्यावर फातिमाबींनी सांदणांची चळत पुढे ठेवली. दोन झाली. तिसरं त्या वाढायला गेल्या तर सादिकनं ताटावर आडवा हात धरला, पोटावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “अम्मी, जमनार नाही. यंत्र नको म्हणतंय.”

शायमा पदराआड हसली. फातिमाबींनी सुनेकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. मग ते तिसरं सांदण वाटीत घेतलं, कठडा धरला आणि एकेक पायरी मोजत, गुडघ्यांना दटावत, चढू लागल्या. दोघं हबकून बघत राहिली. वरच्या पायरीवर त्या ऐसपैस बसल्या, श्वास जुळवला आणि वाटी मांडीवर घेतली.

“आता यंत्र मी हाय,” त्या म्हणाल्या. “चढ.”

सादिक ताट घेऊन उठला.