भिंतीवरचा नान

आमच्याकडे सैन्यात भरती व्हायला फारसं काही लागत नाही. बाजारात उभं राहिलं की पुरे. माझा भाचा फैझाली कलिंगडं विकत होता, तिथूनच भरतीवाल्यांनी त्याला गाडीत कोंबलं. माझी बहीण सबोहत ताजा नान घेऊन भरती कचेरीकडे धावली. निघालेल्या शिपायानं एक घास तोडायचा, उरलेला नान भिंतीवर टांगायचा आणि परतल्यावर त्यानंच तो संपवायचा, ही आमची रीत. फैझालीनं फाटकाच्या गजांतूनच लचका तोडला. चोरालासुद्धा याहून बरा निरोप मिळतो.

"दादा, पोरगं नजरेसमोर राहील असं काहीतरी कर," सबोहत रडत म्हणाली.

मी कचेरीतल्या साहेबाकडे एक मेंढा पोचवला. काम चोख झालं. फैझालीची नेमणूक आमच्याच गावालगतच्या सरहद्दीच्या ठाण्यात झाली. खाली नदी, पलीकडे अफगाणी डोंगर, आणि ठाण्याचं अंगण सबोहतच्या छपरावरून स्वच्छ दिसायचं. कॅप्टन त्याला कोंबड्यांची खुराडी साफ करायला लावायचा, तेही दिसायचं. एकदा गारठ्यात तिनं छपरावरून हाक दिली, "फैझाली, कान झाक रे!" तेव्हापासून अख्खं ठाणं त्याला 'कानझाक्या' म्हणू लागलं.

"मामा, अजून एक मेंढा द्या," तो तारेआडून मला म्हणाला, "पण लांब पाठवा."

ऐन हिवाळ्यात कॅप्टनला दया आली आणि त्यानं दोन दिवसांची रजा दिली. पोरगं धावत घरी आलं, तर सबोहत दारात आडवी उभी.

"नोकरी संपली?"

"रजा आहे, आई."

"मग आत यायचं नाही. नानला वाटेल तू परत आलास. मग तो तुला घराकडे ओढायचं सोडून देईल."

"अगं, पाय बधिर झालेत माझे."

"रीतीत असलं काही नाही, सबोहत," आवाज ऐकून आलेल्या मी म्हटलं.

"माझा नवरा रजेवर येऊन गेला, तेव्हा मीही हेच म्हणत होते."

तो पुन्हा आलाच नव्हता.

फैझाली माझ्या गोठ्यात, मेंढ्यांत जाऊन पडला. थोड्या वेळानं सबोहत गादी घेऊन आली. मग किटली आणली, मग शेगडी, मग गालिचा. शेवटी घराला कुलूप घालून आली आणि पोराचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसली.

दोन दिवस मायलेक गोठ्यात राहिले. घरात फक्त नान होता, आणि त्याला पत्ताही लागला नाही.