वक्त्यांचा परिचय

विभागप्रमुखांच्या हाती एकदा माइक गेला, की तो परत मिळवणं महाकर्मकठीण, हे साऱ्या विद्यापीठाला ठाऊक होतं. त्यांना पाठीमागे 'प्रास्ताविक' म्हणत. तरीही दर जाहीर व्याख्यानाला वक्त्याचा परिचय करून द्यायला तेच उभे राहत, कारण नको म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आज बोलणार होती ती त्यांच्याच विभागातली, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. प्राध्यापक झालं की सगळ्यांना खुलं असं एक व्याख्यान द्यायचं, ही तिथली पद्धत. विषय होता किनाऱ्यालगतच्या विहिरी खाऱ्या का होतात. त्यावर तिने उमेदीची वर्षं घालवली होती आणि तेवढीच वर्षं आई शेजारणींना सांगत आली होती, "पाण्याचं काहीतरी करते." त्या 'काहीतरी'ने तिचा जीव जळायचा. आज आईला कळलंच पाहिजे, या हट्टाने तिने भाषणातले अवघड शब्द खडे निवडावेत तसे निवडून काढले होते.

आई पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. शेजारी भाऊ. त्याची रात्रपाळी होती. सातच्या ठोक्याला आईला घेऊन निघणार, हे त्याने आल्या आल्या बजावलं होतं.

साडेसहा वाजले तरी परिचयाची गाडी एम.एस्सी.च्या पुढे सरकेना. शाळा झाली, शिष्यवृत्ती झाली, अंगात ताप असताना दिलेली परीक्षाही झाली. मध्येच प्रमुखांना स्वतःची परीक्षा आठवली. ती खोकली, घड्याळाकडे बोट दाखवलं, चिठ्ठी सरकवली. प्रमुखांनी चिठ्ठी न वाचता खिशात टाकली आणि तिच्यासाठी ठेवलेलं पाणी पिऊन टाकलं. मग मात्र तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती उठली आणि माइक सरळ त्यांच्या हातातून काढून घेतला.

"आभारी आहे, सर. बाकीचं माझ्यावर सोपवा."

सभागृहात खसखस पिकली. प्रमुख तोंड पाडून खाली बसले.

ती बोलली, आणि झकास बोलली. पण आईची नजर राहून राहून कोपऱ्यातल्या प्रमुखांकडेच जात होती. सात वाजले, भावाने आईला दंडाला धरून उठवलं. तिने शेवटची दोन चित्रं गाळली, "प्रश्न पाच मिनिटांनी घेऊ" म्हणाली आणि भरलं सभागृह सोडून त्यांच्या मागे गाडीपर्यंत धावत गेली.

"आई, समजलं का?"

"न समजायला काय झालं? वरचं गोडं पाणी बेसुमार उपसलं की खालचं खारं वर चढतं. चांगलं सांगितलंस." आईने खिडकीची काच पूर्ण खाली घेतली. "पण त्या बिचाऱ्यांना का गं बसवलंस?"

"कुणाला? सरांना? अगं, त्यांनी माझा सगळा वेळ खाल्ला."

"खाऊ देत. तुझंच तर सांगत होते. मी फोन केला की तू काय सांगतेस? ठीक आहे, काम चालू आहे, ठेवते. इतका ताप अंगात घेऊन पेपर दिलास, हे मला आज परक्या माणसाकडून कळलं. पुढचं ऐकायला मी जिवाचा कान करून बसले होते, तर तू त्यांचं तोंडच बंद केलंस."

इतकी वर्षं आईला काही कळत नाही म्हणून ती चिडत आली होती, आणि सांगितलं मात्र काहीच नव्हतं.

"आई, उशीर होतोय," भाऊ स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाला.

"होऊ दे." आईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "एम.एस्सी. झालीस. मग?"

दारात शिपाई येऊन हातवारे करत होता. ती खिडकीशी उकिडवी बसली.

"मग दोन वर्षं मला नोकरीच नव्हती, आई. तुला आहे म्हणून सांगितलं होतं."

भावाने गाडी बंद केली.