ओली फलालीन

बाळापूरच्या शाळेत चिंतामण गुरुजी मागच्या बाकावर बसले होते, पण त्यांचे पाय काही स्वस्थ बसत नव्हते. मास्तरांना नवी साधने वापरायला शिकवायचे म्हणून ते अमरावतीहून गावोगाव फिरत. या खेपेला त्यांनी फलालीन ताणून बसवलेला फळा आणला होता. चित्राच्या पाठीला खरखरीत पॉलिश कागद डकवला की ते फलालीनला धरून राही, आणि पोरांना हवे तसे हलवता येई.

"धडा मी घेईन. पण तुम्ही मधे उठायचं नाही," वर्गाच्या बाई, इंदूबाईंनी सकाळीच बजावले होते. मागच्या खेपेला गुरुजींनी न राहवून त्यांच्या हातातला खडूच काढून घेतला होता. हेडमास्तर नत्थुजींनीही सांगून ठेवले होते, "आज जमलं तं ठीक. नाही तं हे लचांड परत घेऊन जा."

धडा गावाचाच होता. इंदूबाईंनी किल्ला लावला. घसरला. बैलगाडी लावली, तीही खाली. पोरे फिदीफिदी हसली.

गुरुजींच्या एकदम ध्यानात आले. सकाळी नव्या वस्तूची पूजा म्हणून नत्थुजींनी फळ्यासमोर नारळ फोडला, आणि पाणी फळ्यावरच शिंपडले. फलालीन मधोमध भिजली होती. आणि आपण शेजारी हात जोडून उभे!

"पाहा, मी काय म्हणत होतो?" नत्थुजी दारातून म्हणाले.

गुरुजी अर्धे उठले. फळा उन्हात न्यावा? की आपणच पुढे होऊन...

"बसा, गुरुजी," इंदूबाई मागे न बघताच म्हणाल्या. मग पोरांना विचारले, "गाडी काहून पडली रे?"

"तिथं वलं हाये, बाई!"

"अन् आपल्या गावात वलं कुठं असते?"

"नदीत!" पार्बता ओरडली.

"मग नदीत गाडी घालशीन का तू?"

पार्बता धावत आली. तळव्याने फळा चाचपला, आणि कोरड्या काठावर गाडी लावली. मागून श्रावण आला, त्याने बाजार मांडला.

"येडपटा, बजार त्या अंगाले हाये!" पार्बताने त्याला दटावले.

फळ्याभोवती झुंबड उडाली. इंदूबाई बाजूला सरकल्या. नत्थुजींना दारात राहवेना. "अरे, किल्ला तिकडं नाही, इकडं," म्हणत त्यांनी स्वतःच तो उचलून लावला.

आता मात्र गुरुजी उठलेच. गाडीकडे त्यांचा हात गेला.

"ओ गुरुजी," पार्बता म्हणाली, "बाईनं सांगतलं नं? बसा."

गुरुजी बसले. बाकाखाली पाय तेवढे हलत राहिले.