चाळीस भागिले आठशे

मित्रांनो, माझं सातचं बटण दोनदा दाबावं लागतं आणि पडद्याचा उजवा कोपरा काळा पडला आहे, यावरून माझ्या वयाचा अंदाज तुम्हाला येईल. मी कॅलक्युलेटर आहे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्गमूळ आणि टक्के, एवढंच मला येतं. पण जे येतं ते मी कधी चुकवलेलं नाही. आयुष्यभर मी खरी उत्तरं दिली, आणि ती समोर धरून माणसं खोटं बोलत राहिली. तेव्हा माझ्या बोलण्यात तुच्छता जाणवली, तर ती आहेच असं समजा.

मला एका कारखान्यात जोडलं, पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलं आणि जहाजाने जावा बेटावर पाठवलं. तेगाल गावात मला पाक दार्मान यांनी घेतलं. तिकडे पुरुषाला आदराने 'पाक' म्हणतात आणि बाईला 'बू'. ते सरकारी शाळेत गणित शिकवत. मला वाटलं, गणिताच्या मास्तरांकडे आलो, आता आपल्याला मान मिळणार. कसला मान! ते मला महिन्यातून एकदा, गुणांची सरासरी काढायला, बाहेर काढत. एकदा मला वर्गात उंच धरून ते म्हणाले, "हा बघा, वर्गातला सगळ्यात चपळ विद्यार्थी. आणि सगळ्यात ढ. याला 'का' म्हणून विचारा, तोंड उघडणार नाही."

मुलं खो खो हसली. मला ते फार लागलं होतं. पुढे ज्या माणसाच्या हाती पडलो, त्याला पाहिल्यावर मला त्या अपमानाची किंमत कळली.

पाक दार्मान निवृत्त झाल्यावर पाक हेरूच्या क्लासात शिकवायला लागले. तो विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास होता. पाक हेरू पूर्वी विमा विकत असे. आता तो आशा विकत होता. कोट मात्र तोच होता. पाक दार्मान एक उदाहरण सोडवायला पाऊण तास घेत, कारण ते मुलांना त्यांच्याच वाटेने चुकू देत. हेरूला हे परवडेना. "पाक, पर्यायांत उत्तर दिलेलंच असतं. ते शोधायला शिकवा, काढायला नको," असं तो एक दिवस म्हणाला. पाक दार्मान यांनी खडू ठेवला, छत्री उचलली आणि ते निघून गेले. मी टेबलावरच राहिलो. रागाच्या भरात माणूस छत्री आठवणीने नेतो आणि कॅलक्युलेटर विसरतो, याचा विचार मी पुढे खूप दिवस केला.

मग हेरूने मला प्रवेशाच्या सल्ल्याच्या टेबलावर बसवलं. त्याची विद्या अशी होती. गेल्या वर्षी एखाद्या विषयाला किती जागा होत्या आणि किती अर्ज आले, याची यादी त्याच्याकडे असे. जागांना अर्जांनी भागायचं, टक्क्याचं बटण दाबायचं आणि मला वळवून पालकांसमोर धरायचं. बस्स! समोरचं मूल कोण आहे, त्याला काय आवडतं, काय येतं, याचा त्या भागाकारात कुठेच पत्ता नसे. आणि पालक माझ्या पडद्याकडे असे बघत, जणू डॉक्टरने क्ष-किरणांचा फोटो उजेडात धरला आहे. मला त्या माणसांची कीव यायची नाही. शिकलेली, धडधाकट माणसं होती ती.

एका शनिवारी सकाळी बू रेत्नो आपल्या मुलाला घेऊन आल्या. गावातल्या मोठ्या दवाखान्याच्या मालकीण त्या. मुलाचं नाव आर्यो. सातवीपासून तो क्लास करत आला होता, आणि सराव परीक्षेत वीसपैकी सोळा पर्याय बरोबर मारी.

"वैद्यकीय म्हणजे सत्तर जागा, पाच हजार अर्ज," हेरू म्हणाला. तो माझी बटणं बोटाने नाही, अंगठीने दाबत असे. "एक पूर्णांक चार टक्के. आशा सोडा, बू."

"मग? योग्याकार्ताचं मोठं विद्यापीठच हवं हं मला. त्याच्या मावशीची मुलगी तिथेच आहे."

"नाव विद्यापीठाचंच राहतं की! विषय कोण विचारतो? गणित भरा. चाळीस जागा आणि अर्ज फक्त आठशे. लोक घाबरतात ना गणिताला!" त्याने मला वळवलं. "पाच टक्के. जवळजवळ चौपट सोपं."

आर्यो हळूच म्हणाला, "पण मला गणित आवडत नाही."

"अरे, आवडायचं कशाला? आत शिरायचंय," हेरू हसला. आईसुद्धा हसली. अर्ज भरून झाला.

ते गेले आणि त्याच खुर्च्यांवर वेनिंग आणि तिचे वडील पाक वार्सो येऊन बसले. ते लोखंडाच्या कारखान्यात लेथवर काम करत. नखांतलं काळं तेल दिसू नये म्हणून त्यांनी मुठी मिटून मांडीवर ठेवल्या होत्या. वेनिंग सराव परीक्षेत वीसपैकी अकराच प्रश्न सोडवी. अकराच्या अकरा बरोबर. बाकीच्यांना तिने हातच लावलेला नसे, कारण एखादा प्रश्न पुरता समजल्याशिवाय तिला पुढे जाताच येत नसे.

"मला गणित घ्यायचंय, पाक. योग्याकार्ताला."

हेरूने पुन्हा चाळीसला आठशेने भागलं. मी पुन्हा तेच उत्तर दिलं. दुसरं कुठून आणणार?

"पाच टक्के," हेरूने मान हलवली. तिकडे मोठी माणसं मुलीला लाडाने 'न्दुक' म्हणतात, तसं तोही म्हणे. "फारच कमी आहे गं, न्दुक. मासेमारीचा अभ्यासक्रम घे. साठ जागा, पाचशे अर्ज, बारा टक्के. शंभरातले बारा!"

मित्रांनो, दहा मिनिटांपूर्वी हाच आकडा चौपट सोपा होता. माझ्या पडद्यावरचा पाच काही बदलला नव्हता, समोरच्या चपला बदलल्या होत्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की माझी बॅटरी संपावी.

वेनिंगने मला जवळ ओढलं आणि पडद्याकडे बघितलं. "पाक, हे तर चिठ्ठ्या उचलण्याचं झालं. आठशे चिठ्ठ्या टाकायच्या आणि डोळे मिटून चाळीस उचलायच्या. परीक्षा अशी असते का?"

"न्दुक, मी बारा वर्षं हेच करतोय."

"पाक, एक विचारू?" वार्सो म्हणाले. "आमच्या कारखान्यात दांडा मोजल्याशिवाय कापत नाहीत. हा आकडा काढताना माझ्या पोरीला कुठे मोजलं?"

"मोजलंय की! वीसपैकी अकरा."

"ते खरं," वार्सो म्हणाले. मग मुलीकडे बघून म्हणाले, "तुला काय भरायचंय?"

"गणित."

"दुसरी पसंती?"

"छोट्या विद्यापीठाचं गणित."

"लिही मग."

त्या वर्षी वेनिंगला दोन्हीकडे प्रवेश मिळाला नाही. आर्योला मिळाला. क्लासाच्या दारावर आर्योचा दारापेक्षा रुंद फोटो लागला, आणि हेरू भेटेल त्याला सांगत सुटला, "मी बोललो होतो. पाच टक्के म्हणजे पाच टक्के." आर्योचे पाच टक्के पोहोचले आणि वेनिंगचे बुडाले, हे त्याच्या लक्षात आलं नाही. आकड्यांवर पोट भरणाऱ्या माणसाला आकड्याचं इतकं वावडं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देता येत होती. तोवर घरी काय बसायचं, म्हणून वेनिंग हेरूकडेच उत्तरपत्रिका तपासायच्या कामाला लागली. गुणांची बेरीज ती माझ्यावर करी. दुपारी काम संपलं की सायकलने पाक दार्मान यांच्याकडे शिकायला जाई. एक दिवस तिने सोबत्याला सांगावं तसं मला सांगितलं, "पाक दार्मान म्हणतात, मला गणित येतं, परीक्षा येत नाही. प्रश्न अर्धवट सोडायला शिकवतायत. सहा मिनिटं झाली की पेन्सिल हिसकावून घेतात. मला रडू येतं रे." ती खरंच रडवेली झाली होती. ज्यांनी पाऊण पाऊण तास एका उदाहरणाला दिला, त्या म्हाताऱ्याला पेन्सिल हिसकावताना काय वाटत असेल, ते मला विचारू नका.

परीक्षेला महिना उरला असताना एका सकाळी आर्यो क्लासात आला. फोटोपेक्षा बराच वाळला होता. वेनिंग पेपर तपासत होती.

"पाक, मी सोडलं," तो म्हणाला. "मला पुन्हा परीक्षेला बसायचंय. गुरांचा डॉक्टर व्हायचंय."

हेरूने आधी दार लावलं. "हळू बोल! फोटो अजून बाहेर आहे तुझा."

"तिथे पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, हे असंच का? मी म्हटलं, पर्याय द्या. सगळा वर्ग हसला. मी पण हसलो. पण सहा महिने रोज कसं हसायचं, पाक? आणि मी एकटा नाही. दुसऱ्या सत्रात चाळीसपैकी अकरा खुर्च्या रिकाम्या आहेत."

वेनिंगचा हात थांबला. "अकरा?" ती उठून त्याच्यासमोर गेली. "मी इथे लोकांच्या मुलांचे पेपर तपासतेय, आणि तिथे अकरा खुर्च्या रिकाम्या आहेत?"

"मला कुणी विचारलंच नव्हतं," आर्यो म्हणाला. "तू होतीस का तेव्हा? मी सांगितलं होतं, नाही आवडत म्हणून."

ती परत जागेवर जाऊन बसली. हेरू मात्र खुशीत आला. "अकरा रिकाम्या? म्हणजे यंदा एकावन्न जागा धरू या का?"

"जागा चाळीसच राहतात, पाक," वेनिंग म्हणाली. तिच्या आवाजात जे होतं, तेच माझ्या पोटात इतकी वर्षं साचलेलं होतं.

रविवारी सकाळी पालकांची सभा होती. हेरूचा विषय होता, मोठ्या विद्यापीठाचा सोपा दरवाजा. पहिल्या रांगेत बू रेत्नो बसल्या होत्या. त्यांचं कौतुक व्हायचं होतं. मुलगा घरी परत आल्याचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि हेरूने सांगू दिलं नव्हतं. हेरूने वेनिंगला मला घेऊन, माझा आकडा मोठा करून दाखवणाऱ्या भिंतीवरच्या पडद्याजवळ उभं केलं.

"करून दाखव गं, न्दुक. चाळीस भागिले आठशे."

तिने केलं. मी उत्तर दिलं. लोकांनी आकडा वहीत उतरवला. मग ती म्हणाली, "हा भागाकार बरोबर आहे. पण यावरून तुमच्या मुलाबद्दल काहीही कळत नाही. गेल्या वर्षी या क्लासातून गणिताला चौतीस जणांनी अर्ज भरला. तिघांना प्रवेश मिळाला. आज त्यातला एकच तिथे शिकतोय, आणि त्याला गणित आधीपासून आवडत होतं. मीही चौतिसांतलीच आहे. मी नापास झाले, कारण मी सावकाश सोडवते. तेही या आकड्यात नव्हतं."

"वेनिंग!" हेरू ओरडला.

मागून एक बाई उठल्या. "मग आमच्या मुलाने भरायचं तरी काय?"

"त्याला विचारा, बू. तुमच्या शेजारीच बसलाय."

बाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलगा जमिनीकडे पाहत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. वेनिंगने आर्योचं नाव घेतलं नाही. बू रेत्नो बराच वेळ पिशवीत काहीतरी शोधत राहिल्या आणि कौतुकाआधीच उठून गेल्या. त्या बाईबद्दलची माझी तुच्छता त्या दिवशी जरा कमी झाली. हेरूबद्दलची नाही.

"उद्यापासून येऊ नकोस," सभा पांगल्यावर तो वेनिंगला म्हणाला.

"नाही येत. हा कॅलक्युलेटर पाक दार्मान यांचा आहे. नेते."

"ने तो डबा! माझ्या फोनमध्ये याहून चांगला आहे."

असा मी पिशवीत, भाताच्या डब्याशेजारी बसून पाक दार्मान यांच्या घरी परत गेलो. त्यांनी मला उलटंपालटं केलं, फडक्याने पुसलं आणि म्हणाले, "अजून ढच दिसतोय. तूच ठेव."

महिन्याभराने परीक्षा झाली. घरी आल्यावर वेनिंग बापाला म्हणाली, "सोळा सोडवले. चार सोडले."

"सोडले?" वार्सोंनी विचारलं. "तू?"

"सोडले, बापा. हात जोडून सोडले."

निकाल दुपारी लागला. मी पिशवीत असतानाच ती कारखान्यात धावत गेली. वार्सोंनी यंत्र बंद केलं, आधी हात पुसले, मग फोन हातात घेतला आणि तिचं नाव दोनदा वाचलं. विषय गणित, योग्याकार्ता. शेजारच्या यंत्रावरच्या माणसाला त्यांनी फोन नेऊन दाखवला, मग त्याच्या शेजारच्याला, असं करत करत ते कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला गेले.

संध्याकाळी हेरूचा फोन आला. आवाजात गूळ होता. "अभिनंदन, न्दुक! शेवटी आपल्याच क्लासाची मुलगी. एक फोटो पाठव ना." मित्रांनो, याला म्हणतात निर्लज्जपणा. वेनिंगने फोन बापाकडे दिला.

"पाक हेरू," वार्सो अगदी आदराने म्हणाले, "माझी पोर तुमच्या दारावर दिसली, तर मी कारखान्यातली कात्री घेऊन येईन. पत्रा कापायची." आणि जेवायला बसले.

आता मी योग्याकार्तात मुलींच्या वसतिगृहात, खिडकीत असतो. वेनिंग मला फारसं वापरत नाही. तिच्या वह्यांमध्ये आता आकडेच क्वचित दिसतात, सगळी अक्षरं. माझं आता वाईट वाटून घ्यायचं वय राहिलेलं नाही. माझी एवढीच विनवणी आहे की माझ्यासारख्यांची बटणं जपून दाबा, आमच्यावर चहा सांडू नका, आणि एखाद्या मुलाचं पुढे काय होणार, हे आम्हाला विचारू नका. आम्ही उत्तर देऊ. आम्हाला नाही म्हणता येत नाही.

परवा तिच्या खोलीत राहणारी फ्लोरेस बेटावरची मुलगी माझ्याशी चाळा करत बसली होती. "वेनिंग, गेल्या वर्षीचे एवढे गळले म्हणतात. आपण दोघी शेवटपर्यंत टिकायची शक्यता किती असेल गं?"

"उद्याचं तिसरं उदाहरण झालं तुझं?"

"नाही."

वेनिंगने माझ्यावर वही ठेवली आणि खुर्ची सरकवून तिला जागा केली. "मग बस इथे."