आंटींसाठी टॅब

“आंटी के लिए तो टॅब ही सही रहेगा, सर,” काउंटरपलीकडचा विक्रेता गुरुप्रसादला म्हणाला.

आंटी त्याच्या पुढ्यातच उभी होती. पण दुकानात शिरल्यापासून त्यानं प्रत्येक प्रश्न गुरुप्रसादला विचारला होता आणि प्रत्येक स्क्रीन अपूर्वकडे वळवून दाखवली होती. शामलाच्या एका हातात पर्स होती, दुसऱ्या हातात नवऱ्याचं हेल्मेट. इंदरगंजच्या चौकातले हॉर्न काचेच्या दारातून आत येत होते, आणि आपल्या शिक्षणासाठी काय घ्यायचं हे ती तिऱ्हाइतासारखी ऐकत होती.

“मी पण तेच म्हणतोय केव्हाचा,” गुरुप्रसाद म्हणाला. “हलकं आहे, पिशवीत मावेल. लॅपटॉप हिला कुठे झेपणार?”

“आणि आई, नोट्स लिहायला पेन मिळतो यासोबत,” अपूर्व म्हणाला. तो बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि घरात अशा बाबतीत त्याचा शब्द शेवटचा असे. “ट्राय तर करून बघ.”

शामलानं हेल्मेट काउंटरवर ठेवलं, चष्मा लावला आणि तो पांढरा पेन हातात घेतला. काचेवर लिहिताना हात घसरेल असं तिला वाटलं होतं. घसरला नाही. काय काढावं ते सुचेना, म्हणून तिनं हृदय काढलं. चार कप्पे, वरची महाधमनीची कमान, झडपा. विक्रेत्यानं रंग बदलायचं दाखवलं, तशी तिनं डावी बाजू लाल केली आणि उजवी निळी. दोन बोटं फाकवली की चित्र मोठं होत होतं. तिची पाठ्यपुस्तकं विटेएवढी जाड होती आणि त्यांतली अक्षरं मुंगीएवढी. कॉलेजला जाताना शेअरच्या टेम्पोत हे मांडीवर घेऊन वाचता येईल, डोळ्यांना ताण नाही, खांद्याला ओझं नाही. तिला ती वस्तू मनापासून हवीशी झाली.

“इसमें असाइनमेंट टाइप हो जाएगा?” तिनं विचारलं. दुकानातलं हे तिचं पहिलं वाक्य.

“हो तो जाएगा मॅम, कीबोर्ड अलग से आता है. पर सच बताऊँ, टाइपिंग ज़्यादा है तो लॅपटॉप ही लेना चाहिए.”

“टाइपिंगचं काही टेन्शन नाही,” अपूर्व म्हणाला. “ते तर मी करूनच देतो न.”

शामलानं पेन खाली ठेवला.

“मला लॅपटॉप दाखवा,” ती म्हणाली.

गुरुप्रसादनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं दुकानदाराकडे साडीच मागितली.

*

शामला त्रेचाळीस वर्षांची होती. बारावीनंतर तिनं नर्सिंगचा डिप्लोमा केला आणि तेव्हापासून ती एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स होती. तिनं हाताला धरून शिकवलेल्या मुली पदवी घेऊन आल्या आणि वॉर्डाच्या इन्चार्ज झाल्या. तिला पदवी नव्हती, म्हणून ती राहिली. तीनदा असं झाल्यावर तिनं बिनपगारी रजा मागितली आणि पदवीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. गुरुप्रसाद नाही म्हणाला नव्हता. “आता या वयात?” एवढंच म्हणाला होता, आणि मग तिचा प्रवेश अर्ज त्यानंच भरला होता. तिचे सगळे अर्ज तोच भरायचा. लग्नानंतर पहिल्यांदा बँकेत खातं उघडलं तेव्हापासून. तिला त्यात कधी काही खटकलं नव्हतं.

वर्गात बहुतेक मुली तिच्याहून वीस वर्षांनी लहान होत्या. शिकवणाऱ्या हर्षिता मॅडमसुद्धा तिशीच्या आतल्या. पहिल्याच महिन्यात रुग्णालयात पोस्टिंग लागलं आणि प्रत्येकीला एकेक रुग्ण मिळाला. त्याची शुश्रूषा करायची आणि त्यावर इंग्रजीत, टाइप करून केस लिहायची.

शामलाला महिपतराव मिळाले. शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे मास्तर. अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. पाणी हवं, दुखतंय, लाज वाटते, यातलं काहीही त्यांना सांगता येत नव्हतं. फक्त एक गोष्ट जिभेवर शिल्लक राहिली होती. कूस बदलायला शामलानं खांद्याला हात लावला की ते म्हणत, “एक-दो, एक-दो.”

त्यांची बायको लीलाताई पदरात तोंड लपवून रडायची. “अहो, आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना हेच शिकवलं. आता माझं नाव येत नाही, हे येतं.”

शामलानं ते दोन आकडे कामाला लावले. पेज भरवताना ती म्हणायची, “एक,” आणि चमचा ओठांशी न्यायची. ते म्हणायचे, “दो,” आणि गिळायचे. घोट नीट उतरायचा. लीलाताईंना तिनं तसं भरवायला शिकवलं. आठवडाभर बरं चाललं होतं. मग छातीत कफ झाला, ताप चढला आणि महिपतराव एका सकाळी गेले. शामला तिथेच होती. लीलाताई तिला म्हणाल्या, “बाई, त्यांचे केस तेवढे विंचरता का? भांग वाकडा असलेला त्यांना चालत नसे.” शामलानं केस विंचरले, सरळ भांग पाडला.

केस लिहायची वेळ आली तेव्हा ती अपूर्वच्या लॅपटॉपसमोर बसली. अर्ध्या तासात तिच्या चार ओळीही झाल्या नव्हत्या. एक बोट कीबोर्डवर अक्षर शोधत फिरायचं, सापडेपर्यंत पुढचा शब्द विसरायचा. अपूर्व मागे उभा राहून चुळबुळ करत होता. “आई, दे यार इकडे. तू परेशान नको होऊ. मी बनवून देतो, एकदम मस्त.” तिनं लिहून काढलेली पानं त्याला दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं निळ्या फायलीत घालून छापील केस आणून दिली. रंगीत मुखपृष्ठ, तक्ते, आकृत्या. तिला टेम्पो गाठायचा होता. तिनं मुखपृष्ठाखाली सही केली आणि फाइल जमा करून टाकली.

चार दिवसांनी हर्षिता मॅडमनी तिला व्हरांड्यात थांबवलं. इतरांसमोर त्या तिला सिस्टर म्हणत. एकट्या असल्या की मराठीत बोलत.

“ताई, हे तुम्ही लिहिलंय?”

“हो... म्हणजे मुलानं टाइप करून दिलं.”

मॅडमनी शेवटचं पान उघडून तिच्यापुढे धरलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच शामलाला सोसलं नाही.

“ताई, महिपतराव चालत घरी गेले का?”

पानावर लिहिलं होतं की रुग्णाची प्रकृती सुधारली, आधार घेऊन तो चालू लागला आणि समाधानकारक स्थितीत त्याला घरी सोडण्यात आलं. खाली शामलाची सही होती.

“पुन्हा लिहून आणा,” मॅडम म्हणाल्या. “पुढच्या सोमवारपर्यंत.”

हे तिनं घरी सांगितलं नव्हतं. “आमच्याकडे सगळं टाइप करूनच लागतं, मला वेगळं काहीतरी घ्यायला हवं,” एवढंच सांगितलं होतं. आणि त्यावरून तिघं इंदरगंजला आली होती.

*

“लॅपटॉप घरात आहे न एक?” गुरुप्रसाद दबक्या आवाजात म्हणाला. “मग दुसरा कशाला? तुला ते बटणं दाबणं जमत नाही, तूच म्हणाली होतीस.”

“जमत नाही म्हणूनच हवा.”

“हे काय लॉजिक झालं?”

“आई, सीरियसली,” अपूर्व म्हणाला, “दोन वर्षांचा तर कोर्स आहे. तू वाच, पेपर दे. बाकी असाइनमेंट-वसाइनमेंट मी सांभाळून घेतो. टीचर लोक वाचत पण नाहीत.”

विक्रेता आळीपाळीनं तिघांकडे बघत होता. त्याच्यासमोर शामला काय सांगणार होती? तिनं फक्त पुन्हा म्हटलं, “मला लॅपटॉप दाखवा, भैया.”

“आधी हिचं काय ते ठरू दे,” गुरुप्रसाद विक्रेत्याला म्हणाला, आणि हेल्मेट उचलून दाराकडे निघालासुद्धा.

अपूर्व आपल्या बाइकवरून पुढे गेला. स्कूटरवर गुरुप्रसाद एक शब्द बोलला नाही. दाल बाजारात तूरडाळ घ्यायला थांबले, तिथे दुकानदाराशी मात्र हसून बोलला. मागे बसलेल्या शामलाला वाटलं, या माणसाशी भांडताही येत नाही. त्यानं तिला कधी कशाला अडवलं नव्हतं. प्रत्येक अवघड गोष्ट तिच्या हातातून प्रेमानं काढून घेतली होती. मुलगाही तेच शिकला होता.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजच्या ऑफिसात विचारायला गेली. एक बाबू म्हणाला, “टॅब चलेगा, सब चलता है.” शेजारचा म्हणाला, “किसने कहा? लॅपटॉप लाइए.” मग ते दोघं आपसातच वाद घालत बसले आणि शामला तिथून निघून आली. वर्गातल्या मुलींना विचारलं, तर त्या मोबाइलवरच सगळं टाइप करत होत्या, दोन्ही अंगठ्यांनी, बोलता बोलता. तिला हसू आलं आणि रडूही आलं. ज्याला त्याला आपापलं ठाऊक होतं. तिचं तिलाच ठरवायचं होतं.

कॉलेज सुटल्यावर ती टेम्पोनं थेट इंदरगंजला उतरली.

“सर नहीं आए?” विक्रेत्यानं विचारलं.

“नहीं आए.”

त्यानं टॅब पुढे केला. तिनं काढलेलं हृदय त्यात अजून तसंच होतं. कुणी पुसलं नव्हतं. ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग टॅब बाजूला सरकवून तिनं लॅपटॉप उघडायला लावला आणि उभ्याउभ्याच आपलं नाव टाइप केलं. वेळ लागला. मधे एक अक्षर दोनदा पडलं, ते कसं पुसायचं हे तिनं विचारून घेतलं. मागे उभं असलेलं गिऱ्हाईक घड्याळ बघत होतं. शामलानं त्याला बघू दिलं.

“यही दीजिए,” ती म्हणाली. “और वो वाला साफ कर दीजिए.”

विक्रेत्यानं कापडानं टॅबची काच पुसली, मग बोटानं आतलं चित्रही.

*

“विचारलं पण नाहीस,” गुरुप्रसाद म्हणाला. जेवणाच्या टेबलावर खोकं होतं.

“काल विचारलं होतं. तुम्ही हेल्मेट घेऊन निघालात.”

“अगं, पण काम होतच होतं न? अपूर्व करून देत होता—”

“महिपतराव मेले,” शामला म्हणाली.

“कोण महिपतराव?” गुरुप्रसादनं विचारलं. मग तिनं सगळं सांगितलं. एक-दो, चमचा, ताप, भांग. व्हरांड्यात मॅडमनी विचारलेला प्रश्नही सांगितला. सांगताना आवाज चढला नाही. उलट खाली खाली गेला, इतका की गुरुप्रसादनं उठून पंखा बंद केला.

अपूर्वचा चेहरा उतरला. “मला कुठे माहीत होतं, आई? तुझ्या कागदावर शेवटचं लिहिलेलंच नव्हतं. मी नेटवरून एक फॉर्मॅट उचलला. सगळ्यांचं तेच असतं, पेशंट बरा होतो.”

“तुला कसं माहीत असणार? मीच लिहिलं नव्हतं. आणि मीच वाचलं नाही. सही केली आणि दिलं.”

“सॉरी न.”

“सॉरी नको म्हणू. पण आता तू करून द्यायचं नाही. काही झालं तरी.”

गुरुप्रसादनं खोक्याची चिकटपट्टी नखानं उकलून बघितली. मग तो म्हणाला, “टेबलावरची माझी फायलींची थप्पी हलवतो. तुला जागा लागेल.”

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर शामला त्या जागेवर बसली. संध्याकाळचा चहा तिनं केला नाही; गुरुप्रसादनं केला, साखर जास्त झाली. दीड पान झालं होतं. त्यातल्या कितीतरी शब्दांखाली लाल रेषा उमटल्या होत्या. मान आखडली होती. रुग्णाचं नाव लिहायचं नसतं, नुसतं आद्याक्षर द्यायचं, म्हणून ती जिथे तिथे ‘मिस्टर एम’ लिहीत होती. छोटा एम पडला की मागे जाऊन तो मोठा करत होती.

अपूर्व बाजूची खुर्ची ओढून बसला. “काही विचारायचं असेल तर विचार.”

“ही ओळ नवीन परिच्छेदात कशी घ्यायची?”

त्याचा हात झटकन कीबोर्डकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

“ते मोठं बटण आहे न उजवीकडे... एन्टर. त्याच्या आधी कर्सर तिथे ने. नाही, तिथे नाही. थोडं डावीकडे. अजून. हां.”

ओळ खाली गेली. शामला पुन्हा वाकली आणि तिचं बोट पुढचं अक्षर शोधू लागलं. ते अक्षर तिच्या अंगठ्याच्या अगदी शेजारी होतं आणि ती ते दुसऱ्या टोकाला शोधत होती. अपूर्वला ते दिसत होतं. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.