यादवरावांनंतरचा हंगाम

फेब्रुवारीत यादवरावांनी आमच्या हॉर्नबी उपनगरातला मराठी मुलांचा कुस्तीवर्ग अनुपच्या स्वाधीन केला. मॅट तीच राहिली, मुले तीच, वेळ तीच, डावही तेच. जुलैत, म्हणजे इथल्या दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्यात, झालेल्या स्पर्धेत गतवर्षी पदके मिळवलेल्या मुलांपैकी एकालाही एकसुद्धा लढत जिंकता आली नाही.

दुसऱ्या दिवशी अनुप आमच्याकडे आला आणि त्याने हॉलची किल्ली टेबलावर ठेवली.

"वर्गाच्या समितीत तुम्ही आहात, निवेदिताताई. कारण सापडलं तर सांगा, नाहीतर वर्ग दुसऱ्या कोणाला द्या. वस्तादांनी पंधरा वर्षांत उभं केलेलं माझ्या हातून बुडायला नको."

मी काँक्रीटच्या नमुन्यांची चाचणी घेते. कुस्तीतले मला फारसे कळत नाही. परंतु सारखे दिसणारे दोन नमुने वेगवेगळ्या भाराला फुटले, तर ते सारखे नसतात, एवढे कळते. पालकांचे स्पष्टीकरण तयार होते: वस्तादांचा आशीर्वाद गेला. आशीर्वाद मोजता येत नसल्याने मी तो बाजूला ठेवला. मुलांची हजेरी पाहिली, वजने पाहिली, हॉलमधला हीटर नीट चालतो का तेही पाहिले. कशातही फरक नव्हता. अनुप पंधराव्या वर्षापासून यादवरावांच्याच हाताखाली शिकलेला. जुन्या आणि नव्या वर्गांचे व्हिडिओ मी शेजारी शेजारी लावले, तर डाव करून दाखवण्यात अनुपच अधिक सफाईदार निघाला. आता मला काहीच समजेनासे झाले.

शेवटी आरुषीला, माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला, विचारले.

"यादव आजोबांना मी थ्रो करायचे," ती फोनवरून नजर न उचलता म्हणाली. "अनुपदादाला पाडायला नाही जमत. ही इज हीप्स स्ट्राँगर, खूपच जास्त."

"म्हणजे आजोबा सोपे होते?"

"नो वे. कधीकधी हलायचेच नाहीत. एकदम वॉल."

कधी भिंत, कधी जमीनदोस्त. मी व्हिडिओ पुन्हा लावले आणि या वेळी मुलीकडे न पाहता यादवरावांकडे पाहिले. आरुषी दुहेरी पट काढते, म्हणजे खाली झुकून समोरच्याचे दोन्ही पाय ओढते. तिचे डोके त्यांच्या बरगडीपासून लांब राहिले की ते उभेच. डोके बरगडीला टेकले आणि दोन्ही गुडघे तिच्या मिठीत आले की ते आडवे. तिचे वजन त्यांच्या निम्मे. नुसत्या तिच्या जोराने ते दोन्ही वेळा उभेच राहायला हवे होते.

अनुपला घेऊन मी यादवरावांकडे गेले. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते घरीच होते.

"तुम्ही मुद्दाम पडत होतात?" मी विचारले.

"मुद्दाम कशाला? पोरीनं डाव बरोबर लावला तर पडायला नको?"

अनुपने कप खाली ठेवला. "माझ्या वेळी नाही ना, वस्ताद? सतराव्या वर्षी मी तुम्हाला चीत केलं होतं."

"केलं होतंस की. त्या दिवशी तुझा डाव पहिल्यांदा नीट बसला."

"मग सांगितलं का नाही?"

"मला तरी कुठं कुणी सांगितलं? आमच्या वस्तादाला लोळवलं म्हणून मी गावभर मिरवलो. पुढं जत्रेत त्याच म्हाताऱ्यानं माझ्या दुप्पट गडी उचलून आपटला, तेव्हा डोक्यात उजेड पडला. आधी सांगितलं की पोरगं डाव सोडून वस्तादाच्या तोंडाकडं बघत बसतं. मला वाटलं, तुलाही आपोआप उमगलं असेल. शिकलेला माणूस तू."

"मुलांना जिंकू देणं मला खोटेपणा वाटायचा."

"चुकलेल्या डावाला पडलास तर खोटेपणा."

मी पर्समधून किल्ली काढून अनुपपुढे ठेवली. त्याने ती उचलली.

कारण असे होते. यादवराव बरोबर लागलेल्या डावाला पडत, चुकलेल्याला पडत नसत. त्यामुळे आपला डाव जमला की नाही, हे मुलांना त्याच क्षणी अंगाने कळे. अनुप कोणत्याच डावाला पडत नव्हता. मुलांना बरोबर आणि चूक दोन्ही सारखेच लागत होते. ही रीत यादवरावांच्या वस्तादांची. ती बोलून दाखवायची नसते म्हणून यादवरावांनी बोलून दाखवली नाही, आणि आपण वस्तादांना खरोखरच हरवले असे मानणाऱ्या अनुपपर्यंत ती पोहोचली नाही.